हाताला विचारून घे

चि. सोनू,


तुझा मेसेज आणि त्याबरोबरचे पाच फोटो मिळाले. पहिल्या पगारातून स्वतःसाठी घडीचा चाकू घ्यावासा वाटला, याचा मला फार आनंद झाला. दिवसभर द्राक्षबागांतून हिंडणाऱ्या मुलीला तो लागणारच. ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, काडी उभी चिरून आतून काळी पडली आहे का ते पाहायचं, दुपारी बांधावर बसून पेरू कापायचा. दर वेळी कुणाकडे तरी "जरा चाकू द्या हो" म्हणत फिरण्यापेक्षा आपला आपल्याजवळ असलेला बरा.

फोटोंतले पाचही चाकू देखणे आहेत. पण पाचांतल्या एकाचीही मूठ नीट दिसत नाही. सगळीकडे उघडलेलं पातं, त्यावर पडलेला उजेड, आणि खाली पोलादाचं नाव. त्यातून निवड करायची म्हणजे आपण पातं निवडणार आणि मूठ जशी येईल तशी पत्करणार. सोनू, हे उलट कर. आधी मूठ बघ, मग खिसा बघ, आणि पातं शेवटी बघ. रोज जवळ बाळगायच्या चाकूबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. पण ते का, हे मेसेजमध्ये मावलं नसतं, म्हणून हे पत्र.

आमच्या दापोलीच्या रोपवाटिकेत पाऊस लागला की कोय कलमांचं काम सुरू होतं, ते तू पाहिलेलं आहेस. कोवळं रोप आठेक सेंटिमीटरवर छाटायचं, खोडाला चार-पाच सेंटिमीटरची उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. एकेक बाई दिवसाला शेकड्याने कलमं बांधते. पुढच्या वेळी आलीस की त्यांच्या हातातले चाकू निरखून बघ. पात्यात कुणी काही फेरफार केलेला नसतो. फेरफार असतो तो मुठीत. कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कुणी जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली, कुणी मुठीच्या कडा काचेच्या तुकड्याने खरवडून गोल केलेल्या. या बायकांना पोलादाचे नंबर कुणी शिकवलेले नाहीत, पण दिवस मावळताना तळहाताचा कुठला भाग हुळहुळतो हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि चाकू त्या जागेपुरता त्यांनी दुरुस्त करून घेतलेला असतो.

आता मूठ बघायची म्हणजे काय बघायचं, ते सांगते. चाकू मुठीत धरून चारही बोटं मावतात का, हे पहिलं. करंगळी बाहेर लोंबकळत असेल तर जोर लावताना चाकू हातात फिरतो. मग मूठ आवळ आणि मनातल्या मनात हळूहळू वीसपर्यंत मोज. कुठे टोचतं? बहुतेक वेळा तीनपैकी एका जागी टोचतं. एक, तर्जनीच्या पेराखाली, जिथे आतल्या लोखंडी पट्टीची कडा मुठीच्या वर आलेली असते. दोन, अंगठ्याखाली, जिथे पात्याच्या पाठीवर पकड यावी म्हणून बारीक दाते पाडलेले असतात. ते दाते दुकानात छान वाटतात आणि अर्ध्या तासात अंगठ्याची कातडी सोलतात. आणि तीन, अनामिकेच्या मुळाशी, जिथे खिशाला अडकवायची क्लिप तळहातात रुतते. या तिन्ही गोष्टी फोटोत कधीच दिसत नाहीत.

बोटांसाठी खाचा पाडलेल्या मुठी तुला आकर्षक वाटतील. तुझ्या पाचांत तशा दोन आहेत. त्या सोड. त्या खाचा कुणाच्या तरी बोटांच्या मापाने पाडलेल्या असतात, आणि तुझी बोटं सडपातळ आहेत. शिवाय चाकू आपण एकाच प्रकारे धरत नाही. दोरी तोडताना मुठीत धरतो, काडी तासताना पातं अंगठ्याकडे ओढतो, गोणीची शिवण उसवताना पेन्सिल धरावी तसा चिमटीत धरतो, कधी धार वर करून नळीच्या आतून बाहेर चीर देतो. साधी, गुळगुळीत, मध्ये किंचित फुगीर मूठ या सगळ्या पकडींना चालते. खाचांची मूठ एकाच पकडीला चालते. मुठीचा छेद मात्र लंबगोल असावा, अगदी गोल नको. लंबगोल मूठ हातात आली की धार कुठल्या बाजूला आहे हे न बघता कळतं, आणि मांडवाखाली वर हात करून काम करणाऱ्या मुलीला हे कळायलाच हवं.

आता गंमत अशी, की हाताला जे सुखाचं तेच खिशाला जड. इथेच सगळी निवड अडते, म्हणून इथे जरा थांबते. जाड, भरीव मुठीने कितीही वेळ काम केलं तरी हात दुखत नाही, पण ती खिशात दगडासारखी लागते. चपटी, पातळ मूठ खिशात विसरून जावी इतकी हलकी, पण जोर लावला की तळहातात रुतते. अमेरिकेतला बक ११० हा १९६४ सालचा प्रसिद्ध चाकू घे. पितळ आणि लाकडाची भरदार मूठ, हातात धरला की सोडू नये असा वाटतो. पण वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणूनच तो पट्ट्याला लावायच्या म्यानात ठेवून वापरतात. कुर्त्याच्या खिशात तो ठेवलास तर दिवसभर खिसा एका बाजूला ओढत राहील, आठवड्याभरात तू तो पिशवीत टाकशील, महिन्याभरात गाडीच्या डिकीत, आणि मग पुन्हा "जरा चाकू द्या हो".

बायकांच्या कपड्यांना खिसे कसे असतात ते मी तुला सांगायला नको. जीन्सचा खिसा असला तर उथळ, कुर्त्याला असला तर एकच आणि तोही शिवणीत लपलेला. माझी आजी कमरेला चंची खोचायची, त्यात पानसुपारीबरोबर अडकित्ता असायचा. तेवढी सोय आपल्या कपड्यांत राहिली नाही. तेव्हा घरातून निघताना तू जे कपडे घालतेस, तेच घालून दुकानात जा. चाकू खिशात टाक, खाली उकिडवी बस, उठ, स्कूटरवर बसतेस तशी बस. मांडीला टोचला, वर सरकून अर्धा बाहेर आला, तर तो परत ठेव, मग तो कितीही आवडलेला असो. मुठीची लांबी दहा-अकरा सेंटिमीटरपर्यंत आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत, ही तुझ्यासाठीची मर्यादा धर. मला विचारशील तर पन्नास-साठ ग्रॅम उत्तम.

या ओढाताणीतून वाट काढायची तर आपलं काम कसलं आहे ते प्रामाणिकपणे बघावं लागतं. तुझे कापण्याचे प्रसंग पुष्कळ, पण प्रत्येक प्रसंग काही सेकंदांचा. नळी कापली, चाकू मिटला, खिशात गेला. सलग तासभर लाकूड तासत बसणं तुझ्या कामात नाही. म्हणजे तुझ्या बाबतीत खिशाला थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही. मूठ थोडी पातळ चालेल, मात्र कडा गोल हव्यात. माझ्यासारखीला, जिला दिवसभर हातातून चाकू खाली ठेवायचाच नसतो, तिने हे माप उलटं लावावं.

तू डावखुरी आहेस, आणि घडीच्या चाकूत याचा फार फरक पडतो. बऱ्याच आधुनिक चाकूंत मुठीच्या आत एक लवचीक पट्टी असते. पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाला अडते आणि पातं पक्कं होतं. मिटताना ती पट्टी अंगठ्याने बाजूला सारावी लागते. ही रचना उजव्या अंगठ्यासाठी असते. डाव्या हातात ती उलट्या बाजूला येते, बोटं वेडीवाकडी करावी लागतात, आणि मिटत्या पात्याच्या वाटेत बोट येण्याची भीती वाढते. तुझ्यासाठी मुठीच्या पाठीवर दाबायचं लॉक बरं, किंवा फिरत्या कड्याचं, किंवा मग लॉकच नसलेला, नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडा राहणारा चाकू. हे तिन्ही दोन्ही हातांना सारखेच.

उघडण्याचंही बघ. जुन्या धाटणीच्या चाकूंना पात्यावर नखाची खाच असते. तुमच्या निफाडचा हिवाळा फार कडक. डिसेंबरच्या सकाळी दव पडलेल्या बागेत बोटं आखडलेली असताना ताठ स्प्रिंगचं पातं नखाने ओढून काढणं म्हणजे नखाचा बळी. स्प्रिंग मध्यम ताणाची आहे का, हे दुकानातच उघडमीट करून बघ. पात्याला गोल भोक असलेले चाकूही मिळतात; अमेरिकेतल्या स्पायडरको या कंपनीने १९८१ साली असा चाकू काढला आणि त्याबरोबरच खिशाला अडकवायची क्लिपही रूढ केली. ते भोक पात्याच्या आरपार असल्याने डाव्या अंगठ्यालाही तितकंच सोपं जातं. असा चाकू घेतलास तर क्लिप दुसऱ्या बाजूला लावता येते ना, हे विचारून घे.

लॉकबद्दल आणखी एक. तुमची काळी माती बारीक असते आणि ओली झाली की कुठेही जाऊन बसते. लॉकच्या फटीत ती साचली की पातं अर्धवट अडतं, पक्कं झाल्यासारखं वाटतं आणि जोर लावला की मिटतं. म्हणून जे आतून सहज धुता येईल तेच घे. आणि लॉक असो नसो, चाकू खुपसायच्या कामाला वापरू नकोस. ड्रमच्या झाकणात टोक खुपसून उचकटणं, गाठीत टोक घालून पिरगाळणं, यातच पातं बोटांवर मिटतं.

आता पातं. यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात, मी सगळ्यात कमी बोलणार आहे. लांबी सात ते साडेआठ सेंटिमीटर पुरे. जाडी मात्र बघ. हल्ली तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीची पाती दणकट म्हणून विकतात. अशा पात्याने सफरचंद कापून बघ. अर्ध्यात पोचलं की फोड कापली न जाता कट्कन फुटते, कारण धार कितीही तीक्ष्ण असली तरी मागून पाचर घुसत असते. दीड-दोन मिलिमीटरचं पातं गरात अलगद उतरतं. हाही सुखाचाच भाग आहे, कारण पातळ पात्याला जोर कमी लागतो आणि जोर कमी लागला की मूठ रुतत नाही.

पोलादाचं एवढंच लक्षात ठेव: जितकं कडक, तितकी धार जास्त दिवस टिकते आणि तितकीच ती पुन्हा लावणं कष्टाचं. स्विस चाकूंचं पोलाद रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास असतं, म्हणजे मऊ बाजूचं. घरच्या साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत त्याला धार येते. तुला तेच हवं. साध्या, गंजणाऱ्या पोलादाला फार गोड धार येते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळं पडतं आणि पुढच्या फोडीला लोखंडाची चव येते. तुझ्या धावपळीत दर वेळी पुसणं होणार नाही, तेव्हा स्टेनलेसच घे.

इतकं सांगून नाव सांगायचं टाळलं तर तू रागावशील. माझ्या मते तुझ्यासाठी दोन चाकू बघण्यासारखे आहेत, आणि तुझ्या पाच फोटोंत ते दोन्ही नाहीत.

पहिला ओपिनेलचा आठ नंबर. फ्रान्सच्या आल्प्समध्ये साव्वा नावाचा प्रांत आहे. तिथे जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९० साली शेतकरी आणि गुराख्यांसाठी हा चाकू घडवला. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी मापं ठरली, आणि माणसाच्या हाताला सर्वांत जुळलेलं माप म्हणून आठ नंबर जगभर गेला. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ, वजन जेमतेम पंचेचाळीस ग्रॅम. मूठ मध्ये फुगीर, शेपटाकडे किंचित वळलेली, एकही खाच नाही, एकही कोपरा नाही. जोर लावला की ती तळहात भरून काढते आणि तरी खिशात जाणवत नाही, कारण लाकूड हलकं. मघाशी म्हटलं ना, हात आणि खिसा यांची ओढाताण. ती इतक्या साधेपणाने सोडवलेला दुसरा चाकू मला माहीत नाही. पात्याच्या बुडाशी एक कडं असतं, ते फिरवलं की पातं पक्कं. हे कडं १९५५ साली आलं. थंडीत लाकूड हाताला गार लागत नाही, हा निफाडसाठी वेगळा गुण.

त्याची अडचणही सांगते. लाकूड पाणी पितं. मूठ फुगली की पातं तिच्यात घट्ट अडकून बसतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे पावसाळ्यात हे व्हायचंच. साव्वातली माणसं अशा वेळी मुठीचं शेपूट टेबलावर आपटतात, की पातं थोडं बाहेर येतं आणि बोटांनी धरता येतं. तुझ्याकडे हवा कोरडी आहे, वर्षातले बरेच महिने काही त्रास होणार नाही. पण फवारणीच्या दिवसांत ओल्या हातांनी वापरणार असशील तर हे ध्यानात असू दे.

दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा साधा स्विस चाकू, ज्याला ते स्पार्टन म्हणतात. कार्ल एल्सनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी १८८४ साली कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. सैनिकांचा तो पहिला चाकू जड होता. १८९७ मध्ये एल्सनरने एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं तोलून धरायची युक्ती काढली, त्यामुळे जाडी न वाढवता दुप्पट वस्तू बसल्या. आजही स्पार्टन जेमतेम पंधरा मिलिमीटर जाड आणि साठ ग्रॅमच्या आसपास वजनाचा आहे. त्यात मोठं पातं, लहान पातं, डबा-बाटली उघडायची साधनं आणि मागे एक आरी असते. कडा गोल, प्लॅस्टिकची मूठ गुळगुळीत, आणि पाण्याचं काही भय नाही. लॉक नाही, म्हणून डावं-उजवं नाही. लहान पातं खाण्याच्या वस्तूंसाठी राखून ठेवता येतं, म्हणजे औषधाच्या पुड्या आणि पेरू एकाच पात्याने कापावे लागत नाहीत. तुझ्या कामात ही सोय मला फार महत्त्वाची वाटते. मात्र जोर लावून बराच वेळ कापायचं म्हटलं तर ओपिनेलच्या मुठीचं सुख याला नाही. आणि याच्यावर आणखी कात्री, करवत, पक्कड असे थर चढवायच्या मोहात पडू नकोस. प्रत्येक थराने मूठ जाड होते आणि हातात चौकोनी लागायला लागते. कात्री तर तुझ्याकडे छाटणीची असतेच.

दोन्हींच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. फार स्वस्त मिळतोय असं दिसलं की समजून जा. नुसतं "स्टेनलेस" एवढंच कोरलेलं असेल तर विकत घ्यायची घाई करू नकोस.

एक काम मात्र या चाकूने करू नकोस, ते म्हणजे कलम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर कलमं भरताना तुझा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट, म्हणून काप तंतोतंत सपाट येतो आणि काडी खुंटाला चिकटते. तो चाकू वेगळा, त्याने सुतळीसुद्धा कापायची नाही, आणि झाड बदलताना पातं स्पिरिटने पुसायचं. डावखुऱ्यांसाठी धार दुसऱ्या बाजूला असते. उजव्या हाताचा चाकू घेऊन तू कितीही प्रयत्न केलास तरी काप वाकडाच येणार. तो चाकू मी तुला देईन, त्याचे पैसे तू खर्चायचे नाहीस.

तुझ्या आईने मला परवा फोनवर विचारलं, "मुलीच्या पर्समध्ये चाकू, लोक काय म्हणतील?" तिला मी सांगितलं ते तुलाही सांगते. हे अवजार आहे, आणि अवजारासारखंच वागवायचं. कायदा असा: शस्त्रास्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र मानली आहेत, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची अवजारं वगळली आहेत. तुझा चाकू यात कुठेच बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, आणि त्यात चाकूसुद्धा येतो. असा आदेश असेल तेव्हा शहरात, गर्दीत, मिरवणुकीत जाताना तो घरी ठेवायचा. मेट्रोच्या दारात तपासणीत अडवतील, मॉलमध्ये अडवतील. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या सामानातच. विमानतळावर टोपलीत टाकून दिलेला आवडता चाकू परत मिळत नाही.

पुढच्या वर्षी दादाकडे इंग्लंडला जाशील तेव्हा तर ओपिनेल घरीच ठेव. तिथे सबळ कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो फक्त तीन इंचांच्या आतल्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. आठ नंबर दोन्ही अटींत नापास होतो. स्पार्टन चालतो.

आणि सोनू, कुणी मैत्रीण म्हणाली की जवळ असलेला बरा, प्रसंग आला तर उपयोगी पडेल, तर ते मनावर घेऊ नकोस. मी तुझ्या काळजीने बोलते आहे. घाबरलेल्या, घामेजलेल्या हाताने घडीचा चाकू उघडणं कठीण, उघडला तरी आपलीच बोटं कापण्याची किंवा समोरच्याने तो हिसकावण्याची शक्यता जास्त. तशा प्रसंगी मोकळे हात, मोठा आवाज आणि पळायची वाट हेच खरं. म्हणूनच बटण दाबलं की खटकन उघडणारे चाकू मला तुझ्याकडे नकोत. त्यांना बघून लोकही घाबरतात, आणि बागेतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासमोर तू सावकाश दोन्ही हातांनी चाकू उघडलास की त्याला तू कामाची माणूस वाटतेस.

जपणुकीचं थोडक्यात. मातीत वापरलास की कोमट पाण्याने धुवायचा, उघडा ठेवून पूर्ण सुकवायचा. सांध्यात तेलाचा एक थेंब. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण ज्या पात्याने फळ कापायचं त्याला औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं. खोबरेल घालू नकोस. निफाडच्या थंडीत ते थिजतं आणि पातं जाम होतं. धार लावताना पात्याची पाठ दगडावरून दहाची तीन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी उचल, आणि तोच कोन शेवटपर्यंत धर. एका बाजूने घासत राहिलीस की दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक खरखर लागते. ती पूर्ण लांबीवर लागली की बाजू बदलायची. दोन्हीकडून झालं की जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटं ओढायचं. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून कापून बघ. सळसळत सरळ कापला गेला तर झालं.

आता दुकान. ऑनलाइन मागवू नकोस, निदान हा पहिला चाकू तरी. पुण्याला येशील तेव्हा बोहरी आळीत एक चक्कर मार, किंवा ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जा. जाताना पिशवीत ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा, थोडी सुतळी आणि छाटलेली एखादी सुकी काडी ने. दुकानदाराला नमुन्याचा चाकू मागून या तिन्ही वस्तू कापायची परवानगी विचार. चांगला दुकानदार देतो. काडी तासताना घाई करू नकोस, सालपटं निघत राहू देत, आणि मग मूठ सोडून तळहात उघडून बघ. जिथे लाल ठसा उमटला असेल तिथे तो चाकू तुला रोज सतावणार. ठसा नसेल तर हात किंचित ओला करून पुन्हा एकदा धर, घसरत नाही ना बघ. आणि हे सगळं डाव्या हाताने. दुकानदार सवयीने तुझ्या उजव्या हातात देईल.

माझ्याकडे ओपिनेल आहे, तुझ्या काकांकडे स्पार्टन. गणपतीला येशीलच, तेव्हा दोन्ही घेऊन चार दिवस हिंड, केळीची पानं काप, नारळाच्या शेंड्या काढ, काकड्या चीर. तोवर घाई वाटत असेल तर दुकानातून मला फोन लाव, पण सकाळी अकराच्या आत. नंतर मी शेडनेटमध्ये असते आणि तिथे रेंज येत नाही.

तुझी
मावशी